गाडीचे नाक

आमच्या घरात गेली कित्येक वर्षे एक वाद चालू होता. वाद मोठा नव्हता; मोटारीच्या काचेचा होता. काच खाली असावी की वर, एवढाच काय तो मुद्दा. परंतु संसारात घर कोठे बांधावे, मुलांना कोणत्या शाळेत घालावे असल्या मोठ्या प्रश्नांवर नवरा-बायकोचे एकमत होऊन जाते आणि पंख्याचा वेग, चहातील साखर, मोटारीची काच या प्रश्नांचा निकाल मात्र वर्षानुवर्षे लागत नाही, हा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांना असेल.

माझ्या पत्नीला दम्याचा विकार आहे. २०१७ च्या पावसाळ्यात तो प्रथम लक्षात आला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तिला मुंबईतील छातीच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. वसईहून लोकलने न्यावे, तर त्या गर्दीत धडधाकट माणसाचाही श्वास अडतो. म्हणून आम्ही आमच्या छोट्या मोटारीने जातो. एरवी गाडीचा उपयोग बेताचाच. रविवारच्या मिस्सेला आम्ही पायीच जातो, बाजारही पायीच होतो. तेव्हा गाडी म्हणजे मुख्यतः दवाखाना, लग्ने आणि मयती.

महामार्गाला लागलो की मी चारही काचा वर घेई, एसी लावी आणि बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरती ठेवणारे बटण दाबी. बाहेर ट्रकांची रांग, खडीचे डंपर, त्यांच्या चाकांमागे उठणारे पांढरे लोट. २०२४ साली तर महामार्गावर काँक्रीटचा थर घालण्याचे काम चालू होते. समोरची गाडी दिसू नये इतकी धूळ कधी कधी उडे. अशा हवेत शहाण्या माणसाने काच उघडी ठेवू नये, असे माझे ठाम मत होते. घोडबंदरच्या वळणापर्यंत ती गप्प बसे. मग हळूच म्हणे, "अहो, जरा काच खाली घेऊ का? गुदमरतंय मला."

"अगं, बाहेर धूळ किती आहे बघ तरी. दमा तुला आहे की मला?"

हा माझा प्रश्न बिनतोड होता. ती पुन्हा गप्प बसे. कधी म्हणे, "या हवेला वास येतो." कसला वास, असे विचारले तर म्हणे, "कोंदट. बरेच दिवस न उघडलेल्या ट्रंकेसारखा." मला काही वास येत नसे. माझे नाक तसे मंदच. चुलीवर दूध करपले तरी ते मला शेजारीण सांगते. परंतु मला जे जाणवत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानण्याची एक सवय मनुष्याला असते आणि ती गाडीच्या चालकाच्या आसनावर बसले की दुप्पट होते.

आमच्या लहानपणी हा वाद उद्भवणेच शक्य नव्हते. माझे एक मामा मुंबईत टॅक्सी चालवीत. त्यांच्या पद्मिनीला पुढच्या दारांवर मोठ्या काचेच्या आधी एक छोटी त्रिकोणी काच होती. ती बाहेरच्या बाजूस वळवली की वाऱ्याचा झोत थेट तोंडावर येई. सुटीत मामांच्या शेजारी बसून माहीमपासून कुलाब्यापर्यंत ती काच फिरवीत जाणे हे आमचे सुख होते. गाडीतील हवा म्हणजे रस्त्यावरचीच हवा. धूर, मासळी, फुलबाजार, समुद्र सगळे तिच्यातून आत येई. (त्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमच्या गेल्या. ती बातमी वाचली तेव्हा मला प्रथम आठवली ती त्रिकोणी काच.)

बाहेरची हवा ओढून घ्यावी, गाळावी आणि मग गाडीतील माणसांना द्यावी, ही कल्पना मात्र माझ्या मामांच्या टॅक्सीपेक्षाही जुनी आहे. अमेरिकेतील नॅश मोटर्स या कंपनीने १९३८ साली आपल्या गाड्यांत अशी व्यवस्था बसवली होती. तेथील थंडीमुळे हवा गाळून गरमही केली जाई. आपल्याकडे सामान्य माणसाच्या गाडीत हा फिल्टर पुष्कळ उशिरा आला. कित्येक जुन्या छोट्या गाड्यांत तर त्याची जागा तेवढी ठेवलेली असते आणि फिल्टर बसवलेलाच नसतो. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. इंजिनाला लागणारी हवा गाळणारा फिल्टर वेगळा. तो बॉनेटखाली असतो आणि गॅरेजवाल्यांचे त्याच्याकडे लक्ष असते, कारण तो तुंबला की गाडीची तक्रार सुरू होते. मी सांगतो आहे तो माणसांच्या हवेचा फिल्टर. तो तुंबला तर गाडी काही बोलत नाही. बोलले तर आत बसलेले माणूस बोलते.

माझी गाडी २०१६ सालची. मी निवृत्तीपूर्वी हिशेबाचे काम करीत असे, त्यामुळे गाडीच्या प्रत्येक सर्व्हिसिंगचे बिल मी एका फाइलीत लावून ठेवले आहे. अशी चौदा बिले होती आणि त्यांतील बहुतेकांत एक ओळ न चुकता असे: एसी फिल्टर साफ केला. पुढे रक्कम. ही ओळ वाचून मी दरवेळी समाधान पावत असे. ज्या गोष्टीची पावती आहे ती गोष्ट झालेली आहे, यावर माझा सारा जन्म गेलेला!

२०२५ च्या पावसाळ्यात गाडीची काच आतून धुकट होऊ लागली. पुसावी, पुन्हा धुकट. पंखा चारवर ठेवला तरी घुर्र आवाजच मोठा, हवा मात्र कोणी दुरून फुंकर घालावी तेवढी. ऑगस्टमधील एका रविवारी धाकटा मुलगा गाडीत बसला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "पप्पा, याचा केबिन फिल्टर शेवटचा कधी बदललात?"

"दर वेळी साफ होतो. बिल आहे."

"बिल नको. फिल्टर बघू या. समोरचा खण काढला की मागेच असतो. पंधरा मिनिटांचं काम आहे, कुणाची गरज नाही."

त्याला स्वतःला वेळ नव्हता. त्याने गाडीचे मॉडेल आणि साल एका चिठ्ठीवर लिहून दिले, एवढीच मदत. सुट्या भागांच्या दुकानात ती चिठ्ठी दाखवली, तर दुकानदाराने दोन पाकिटे समोर ठेवली. एक साधा, पांढऱ्या घड्यांचा. दुसरा करड्या रंगाचा, ज्याच्या थरांत कोळशाची भुकटी असते. साधा फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो. कोळशाचा फिल्टर त्याखेरीज धुराचा वास आणि काही वायूही थोडेफार शोषून घेतो. मी कोळशाचा घेतला. किंमत साडेचारशे रुपये. चौदा बिलांतील त्या ओळीची बेरीज याहून पुष्कळ अधिक होती, हे मी दुकानातच मनातल्या मनात करून पाहिले.

शनिवारी दुपारी गाडी नेहमीच्या जागी, अंगणातल्या चिंचेखाली उभी होती. मी डावे दार उघडून आसन मागे सारले आणि गुडघ्यांवर बसलो. प्रथम खण रिकामा करायचा. विम्याचे कागद, धुराच्या तपासणीचा दाखला, पाझरलेल्या सेलांची विजेरी, चिकट झालेल्या पेपरमिटच्या गोळ्या, मुलीच्या लग्नाची उरलेली निमंत्रणपत्रिका. (याच त्रैमासिकाचा दोन वर्षांपूर्वीचा एक अंकही निघाला, संपादकांनी क्षमा करावी.) आणि सर्वांत खाली, कोपऱ्यात, एका स्वच्छ घडी घातलेल्या रुमालात गुंडाळलेला पत्नीचा पंप.

दम्याच्या रुग्णांच्या घरी दोन प्रकारचे पंप असतात, हे ज्यांच्या घरी दमा आहे त्यांना सांगावे लागत नाही. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, सूज आटोक्यात ठेवणारा. दुसरा श्वास कोंडला म्हणजे तातडीने घ्यायचा. हा तातडीचा होता. तिचे दोन्ही पंप घरी फडताळात असतात, हे मला ठाऊक होते. हा तिसरा कोणता? त्याच्या पाठीवर उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दाखवणारी लहानशी खिडकी होती. भरलेला पंप दोनशेचा. खिडकीत ६२ हा आकडा होता.

मी हिशेबाचा माणूस. एकशे अडतीस फवारे. एका वेळी दोन, म्हणजे एकोणसत्तर वेळा.

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मी तो पंप हातात घेऊन तसाच बसलो होतो.

"हा इथे कसा?"

"असू दे तो गाडीत," ती म्हणाली. "लागतो कधी कधी."

"मी कधी पाहिलं नाही तुला घेताना."

"तुमचं लक्ष रस्त्यावर. दहिसरच्या रांगेत तुम्ही उजवीकडच्या आरशात बघत असायचात, तेवढ्यात घ्यायची. त्या पंख्याच्या घुर्रघुर्रीत आवाज कुठे येतोय."

"अगं, पण मला सांगायचं नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांगत होते की. काच खाली घेऊ का म्हणून."

चहा गाडीच्या टपावर ठेवून ती आत गेली. तो निवेपर्यंत मी काही काम केले नाही.

नंतर केले ते असे. खणाच्या दोन्ही भिंतींना आतल्या बाजूने एकेक गुटका असतो. तो खणाला एका मर्यादेपलीकडे उघडू देत नाही. दोन्ही हातांनी त्या भिंती आत दाबल्या की गुटके सुटतात आणि खण खाली लोंबकळतो. ऐकायला सोपे आहे. माझ्या बोटांत आता तेवढा जोर नाही, आणि प्लॅस्टिक कटकन मोडेल या भीतीने उरलेला जोरही लागत नव्हता. तिसऱ्या प्रयत्नाला गुटके सुटले. खणाच्या एका अंगाला एक बारीक दांडी अडकवलेली असते. तिच्यामुळे खण धाडकन न पडता सावकाश उघडतो. ती बोटाने बाजूला सारून काढावी लागते. मी ती विसरलो, खण ओढला आणि दांडी उडून आसनाखाली गेली. ती शोधण्यात वीस मिनिटे गेली. मुलाने सांगितलेली पंधरा मिनिटे येथेच संपली.

खण उतरला की मागे काळ्या प्लॅस्टिकची पेटी दिसते. तिच्यातच हवा ढकलणारा पंखा असतो. पेटीच्या अंगाला एक लांबट, अरुंद झाकण. त्याची खुंटी अंगठ्याने दाबली की झाकण निघते आणि फिल्टरची कड दिसते. पाना नको, स्क्रू ड्रायव्हर नको. माझ्या गाडीत तरी नको. काही गाड्यांत एखाददुसरा स्क्रू असतो, काहींत फिल्टर चालकाच्या पायाकडील बाजूने काढावा लागतो. नाकाला रुमाल बांधून मी ती कड धरली आणि अलगद ओढली. हे अलगदच केले पाहिजे. झटका दिला तर वरचा कचरा पंख्यात सांडतो.

बाहेर आले ते काय होते हे कसे सांगू? नवा फिल्टर म्हणजे कागदी पंख्यासारख्या घड्यांची एक चौकट. जुन्याला घड्या दिसतच नव्हत्या. त्यांच्या फटी चिंचेच्या वाळक्या पानांनी काठोकाठ भरल्या होत्या. समोरच्या काचेच्या तळाशी, वायपरच्या मुळापाशी एक जाळी असते. बाहेरची हवा तेथूनच आत येते. चिंचेचे पान केवढे बारीक! नऊ वर्षे मी सावलीसाठी गाडी त्या झाडाखाली लावीत होतो आणि झाड आपले पान-पान त्या जाळीतून आत सोडीत होते. पानांखाली करडी, नंतर काळी, तेलकट धूळ. एका कोपऱ्यात नारळाच्या काथ्याचे तंतू आणि कापसाचे पुंजके गोळा करून उंदराने घरटे केले होते. उंदीर केव्हाच गेलेला. घरटे आणि त्याच्या खुणा राहिल्या होत्या. पावसाळ्याच्या दमट हवेने त्या साऱ्यावर पांढुरकी बुरशी धरली होती. तो वास मलाही आला. बरेच दिवस न उघडलेल्या ट्रंकेसारखा.

चौकटीच्या कडेवर कारखान्यात छापलेला महिना आणि साल अजून वाचता येत होते. २०१६. गाडीच्या जन्माबरोबर बसवलेला फिल्टर, साफ करण्यासाठीदेखील कोणी कधी बाहेर काढला नव्हता.

धुळीविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकातले केस आणि घशातला ओलावा बऱ्याच अंशी अडवतात. छातीत खोलवर जाते ती न दिसणारी. अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कणांची मोजणी वृत्तपत्रांत रोज येते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड. तेव्हा हा कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागापेक्षाही लहान. आपल्या देशाने २००९ साली ठरवलेल्या मानकाप्रमाणे एका घनमीटर हवेत असे कण चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली. फिल्टरच्या तंतूंवर विजेचा सूक्ष्म भार दिलेला असतो आणि फटींतून निसटू पाहणारे बारीक कण त्या भाराने तंतूंना चिकटतात. म्हणूनच हा फिल्टर पाण्याने धुऊन पुन्हा बसवू नये. धुतल्यावर तो पांढरा दिसेल, पण भार गेलेला असेल. झटकून, हवेने फुंकून थोडे दिवस काढता येतात, इतकेच. वर्षातून एकदा, अथवा दहा-पंधरा हजार किलोमीटरनंतर नवा बसवावा. आमच्यासारख्या धुळीच्या वाटेने जाणाऱ्यांनी त्याहूनही लवकर.

आणि त्या आतली हवा फिरती ठेवणाऱ्या बटणाविषयी. ते वाईट नाही. ट्रकच्या मागे, बोगद्यात, धुराच्या लोटात ते उपयोगी पडते. परंतु दोन-अडीच तास ते दाबून ठेवले, तर चार माणसांनी सोडलेलाच श्वास चार माणसे पुन्हा घेत राहतात; कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोके जड होते, डुलकी येते, काचा धुकट होतात. मी ते वसईपासून मुंबईपर्यंत दाबून ठेवीत असे. म्हणजे कुजलेल्या पानांतून आणि उंदराच्या घरट्यातून गेलेली तीच ती हवा मी दमेकरी माणसाला अडीच तास पाजीत होतो आणि वर विचारीत होतो, दमा तुला आहे की मला.

पेटीची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली. वायपरखालच्या जाळीतली पाने हाताने वेचून काढली, पसाभर निघाली. नवा फिल्टर सरकवला, झाकण लावले, आणि तेव्हा आठवण झाली की फिल्टरच्या कडेवर एक बाण असतो. हवा ज्या दिशेने जाते त्या दिशेला त्या बाणाचे टोक हवे. जुना फिल्टर काढताना त्याचा बाण कोणीकडे होता हे मी पाहिलेच नव्हते. तो काढला तेव्हा पाने ज्या अंगाला साचली होती त्या अंगाने हवा येत असली पाहिजे, असा विचार करून मी नवा फिल्टर पुन्हा बाहेर काढला आणि उलटा केला. मग दांडी, मग गुटके, मग खण. सव्वा तास लागला. कोणी म्हणेल, यात कौतुक ते काय? काही नाही. सातवीतला मुलगा हे काम करील.

सोमवारी मी ती चौदा बिले आणि तो जुना फिल्टर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गॅरेजमध्ये गेलो. कोणते गॅरेज ते सांगत नाही. दुसऱ्या गॅरेजांत वेगळे घडते अशी माझी खात्री नाही. वाटेत मी भाषणाची तयारी केली होती. काउंटरवरच्या तरुणाने पिशवीत डोकावून पाहिले, नाक मुरडले आणि म्हणाला, "काका, खण काढायला वेळ कुणाला असतो? यादी असते, सगळ्यावर टिक करायची. पण नऊ वर्षांत तुम्ही तरी एकदा उघडून पाहायचं ना?"

उद्धट होता. परंतु माझे भाषण तेथेच संपले. शेवटच्या बिलातील त्या ओळीचे एकशे ऐंशी रुपये त्याने परत दिले आणि मी ते घेतले. न घेण्याइतका मोठेपणा माझ्यात नाही.

पुढच्या महिन्यात मुंबईला गेलो. पंखा एकवर ठेवला, तर पूर्वी चारवर येत नव्हती एवढी हवा आली, आणि आवाज इतका कमी की पत्नीचा श्वासोच्छ्वास मला ऐकू येत होता. तो मी वाटभर ऐकत होतो. बाहेरची हवा आत घेणारे बटण लावले होते. डंपर पुढे आला की बदलीत होतो, तो गेला की पुन्हा पूर्ववत. दहिसरच्या रांगेत मी आरशाऐवजी डावीकडे पाहिले. ती बाहेर बघत होती. हात मांडीवर होते.

डॉक्टरांना मी मोठ्या उत्साहाने सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. म्हणाले, फिल्टर बदललात हे चांगले केलेत, पण ते औषध नव्हे. रोजचा पंप एक दिवसही चुकवायचा नाही. आणि तातडीचा पंप जवळ असावा, पण उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये. दाबाखाली भरलेली डबी असते ती, औषधही बिघडते. तेव्हापासून तो पंप तिच्या पर्समध्ये असतो. गाडीतला जुना आम्ही टाकून दिला. टाकण्यापूर्वी मी त्याच्या खिडकीतला आकडा पुन्हा एकदा पाहिला. ६२ च होता.

धाकट्याला हे सांगितले तेव्हा तो हसला. तो रोज मोटारसायकलने चिंचोटी-कामणच्या रस्त्याने भिवंडीला कामावर जातो. त्या रस्त्याची दशा वसईकरांना सांगायला नको. संध्याकाळी घरी येऊन तो तोंडावरचा रुमाल मोरीत टाकतो, त्याचे पहिले पाणी काळे निघते. मी त्याला धूळ अडवणारे चांगले मास्क आणून दिले आहेत. आठवण केली तर घालतो, उकडते म्हणतो. त्याच्या पुढ्यात कोणता खण उघडायचा आणि त्यामागे काय बसवायचे, हे मला सुचलेले नाही. त्याच रस्त्याकडेला खडी पसरणाऱ्या बायका पदराचे टोक दातांत धरून काम करीत असतात. आम्ही काचा वर करून त्यांच्याजवळून जातो.

त्या दिवशी डॉक्टरांकडून परतताना खाडीचा पूल ओलांडेपर्यंत दिवस कलला होता. महामार्ग सोडून गावाकडे वळलो. ट्रक मागे राहिले, वाड्यांचा हिरवा पट्टा सुरू झाला, कोणी पाणी शिंपीत होते. पत्नी म्हणाली, "कुणीतरी सुकट वाळत घातलीय."

मला अजून काही वास आला नव्हता. मी एसी बंद केला आणि चारही काचा खाली घेतल्या.